अंश, छेद आणि रुग्णालयातली मुले

अपूर्णांक शिकवताना आपण वर्गात सांगतो, की एकट्या अंशाला अर्थ नसतो. तो कशाचा भाग आहे हे छेद सांगतो. गणिताच्या तासाला पटणारी ही गोष्ट आजारांविषयीचे आकडे वाचताना मात्र हटकून विसरली जाते. मोठमोठ्या माणसांचेही असे झाले आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांवरील पुस्तकाची सुधारित आवृत्ती १८६३ साली निघाली. लंडनमधल्या २४ रुग्णालयांचा १८६१ सालचा मृत्युदर तीत दिला होता : शेकडा ९०.८४! म्हणजे आत गेलेल्या दहांपैकी नऊ रुग्ण दगावत होते की काय? मुळीच नाही. आकडा प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याकडून आला होता. अंशस्थानी वर्षभरातले ३,८२८ मृत्यू होते आणि छेदस्थानी ८ एप्रिल १८६१ या एकाच दिवशी रुग्णालयांत असलेले ४,२१४ रुग्ण. पण एका खाटेवर वर्षभरात अनेक रुग्ण येऊन जातात. त्या सर्वांनी भागले, तर दर कितीतरी खाली येतो. यावरून वैद्यकीय नियतकालिकांत जोराचा वाद झाला. गावाचा मृत्युदरही एका दिवसाच्या लोकसंख्येने भागूनच काढतात, अशी फार यांची बाजू होती. भागाकार बरोबर होता. प्रश्न होता छेद कोणता घ्यायचा हा.

आता १६० वर्षे पुढे येऊ. कोविड-१९ च्या साथीत सुरुवातीपासून एक समज दृढ झाला होता, की हा आजार मुलांना फारसा त्रास देत नाही. १० मे २०२१ रोजी अमेरिकेत १२ ते १५ वर्षांच्या मुलांना फायझरची लस देण्यास परवानगी मिळाली, तेव्हा पालकांनी साहजिकच विचारले : ‘मुलांना आजार सौम्यच होतो, तर लस कशासाठी?’ या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देणारा अहवाल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, साप्ताहिकात जून २०२१ मध्ये आला. पुढे ज्याला एड्स हे नाव मिळाले त्या आजाराचे पहिले पाच रुग्ण जून १९८१ मध्ये याच साप्ताहिकाने नोंदवले होते.

अहवालासाठी १४ राज्यांतल्या ९९ कौंटींमधील, म्हणजे देशाच्या सुमारे दहा टक्के लोकवस्तीतील, रुग्णालयांच्या नोंदी वापरल्या होत्या. जानेवारी ते मार्च २०२१ या तीन महिन्यांत तेथे दाखल झालेल्या १२ ते १७ वयाच्या ३७६ मुलामुलींची चाचणी कोविडसाठी होकारार्थी आली होती. त्यांपैकी १७२ जण बहुधा दुसऱ्याच कारणाने आले होते. कोणाची शस्त्रक्रिया होती, कोणाला मानसोपचारांची गरज होती. दाखल करताना सर्वांची चाचणी होई, तीत विषाणू सापडला इतकेच. उरलेले २०४ जण मुख्यतः कोविडमुळेच दाखल झाले होते.

या २०४ पैकी ६४ जणांना, म्हणजे शेकडा ३१.४ जणांना, अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. दहा जणांना श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. मृत्यू एकही झाला नाही. शेकडा ७०.६ जणांना आधीपासून काही व्याधी होती. लठ्ठपणा आणि दमा किंवा फुफ्फुसांचे जुने विकार त्यांत ठळक होते. पण उरलेल्या सुमारे तीस टक्के मुलांना तशी कोणतीही व्याधी नव्हती, हेही विसरता येत नाही.

या एकाच तक्त्यातून लोकांनी दोन उलट निष्कर्ष काढले. घाबरलेले म्हणाले, ‘तीनांतले एक मूल अतिदक्षता विभागात जाते.’ बेफिकीर म्हणाले, ‘निम्मी मुले कोविडने आजारीच नव्हती, आणि मेले कोणीच नाही.’ पहिल्यांनी छेद टाकून दिला. तीनांतले एक हे प्रमाण दाखल झालेल्यांमधले आहे, लागण झालेल्यांमधले नव्हे. आणि दाखल होणेच विरळ होते. जानेवारीच्या सुरुवातीला, दर सर्वांत वर गेला असताना, या वयाच्या एक लाख मुलांमागे आठवड्याला २.१ मुले दाखल होत होती. दुसऱ्यांनी अंश टाकून दिला. १७२ वजा केल्यावरही ६४ मुले अत्यवस्थ होती, आणि एका गटात मृत्यू झाला नाही म्हणजे देशभर कोठेच झाला नाही, असे होत नाही.

अहवालाने आणखी एक तुलना केली होती. ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ मध्ये या वयोगटात कोविडसह दाखल होण्याचे प्रमाण आधीच्या तीन हंगामांतल्या फ्लूच्या अडीच ते तीन पट होते. येथेही दोन्ही बाजू पाहाव्यात. कोविडसाठी रुग्णालये सरसकट चाचणी करत, फ्लूसाठी तशी करत नसत. त्यामुळे कोविडचा आकडा थोडा फुगतो. उलट, तेव्हा पुष्कळ शाळा बंद होत्या आणि मास्क वापरात होते. फ्लूच्या त्या हंगामांत बहुतांश काळ असे काहीच नव्हते. म्हणजे बंधने असूनही कोविड फ्लूच्या पुढे होता.

त्याच सुमारास आपल्याकडे ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ अशी भीती घरोघर पसरली होती. जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉनच्या लाटेत ती खरी ठरली नाही. १५ ते १८ वयाच्या मुलांचे लसीकरण भारतात ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले. शाळा उघडायची की नाही, मुलाला लस द्यायची की नाही, असे निर्णय लोकांनी अशाच आकड्यांवर विसंबून घेतले. आकडा अर्धवट वाचल्याची किंमत अशा वेळी मुलेच मोजतात.

वर्गात हे चारच आकडे फळ्यावर लिहून पाहा : ३७६, २०४, ६४, १०. एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, ‘सर, ६४ ला ३७६ ने भागले तर शेकडा १७ च येतात!’ त्याला विचारा, ‘त्या १७२ जणांपैकी अतिदक्षता विभागात कोणी होते का?’ त्यांची मोजणी ६४ मध्ये नाही. ज्यांना अंशात घेतलेच नाही, त्यांना छेदात कसे घ्यायचे? हा प्रश्न त्याला पडला, की १८६३ चा वाद आणि २०२१ चा वाद एकच आहे, हे त्याला सांगावे लागणार नाही.