चित्रपटाचा दाखला आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटचा अधिकार
(पेण व रोहें तालुक्यांच्या अनुषंगानें)

पेण व रोहें हे तालुके ज्या जिल्ह्यांत आहेत, त्याचें कुलाबा हें नांव जाऊन १९८१ सालीं रायगड हें नांव आलें. नांव बदललें, परंतु तेथें चित्रपट दाखवूं इच्छिणाऱ्यावर जिल्हा मॅजिस्ट्रेटचा जो अधिकार १९१८ च्या कायद्यानें बसला, तो रूपांतरानें अद्याप कायम आहे. पदरचे पैसे घालून चित्रपट काढणाऱ्या स्वतंत्र निर्मात्याच्या आजच्या अडचणींचा विचार येथूनच आरंभावा, असें आम्हांस वाटतें.

१९१८ च्या कायद्यानें दुहेरी बंदोबस्त केला. चित्रपटास प्रथम सेन्सॉर मंडळाचा दाखला लागे. मुंबईंत असें मंडळ १९२० सालीं स्थापन झालें. दाखला मिळाल्यावरही जिल्हा मॅजिस्ट्रेटास आपल्या हद्दीपुरता तो तहकूब करतां येई. म्हणजे मुंबईंत संमत झालेला खेळ पेण-रोह्यापुरता अलिबागेहून थांबवितां येत होता.

या बंदोबस्ताचा रोख कोठें होता, हें प्रभात कंपनीच्या १९३० सालच्या 'उदयकाल' या मूकपटावरून कळतें. शिवचरित्रावरील या पटाचें मूळ नांव 'स्वराज्य तोरण' असें होतें. त्या नांवास सेन्सॉरची हरकत आली व व्ही. शांताराम यांस तें बदलावें लागलें. छत्रपतींची राजधानी ज्या मुलखांत उभी आहे, तेथेंही 'स्वराज्य' हा शब्द चित्राच्या नांवांत चालेना.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्यानें दाखल्याचें काम मध्यवर्ती सरकारकडे घेतलें. जागेचा परवाना देण्याचा व शांतताभंगाच्या भीतीनें खेळ तहकूब करण्याचा अधिकार मात्र मुंबई राज्याच्या १९५३ च्या कायद्यांत जिल्हा मॅजिस्ट्रेटकडेच राहिला. दंग्याची धमकी हें बंदीचें कारण होऊं शकत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें १९८९ सालीं रंगराजन खटल्यांत ठरविलें, ही गोष्ट खरी. पण हुकूम एका दिवसांत निघतो आणि दाद मागण्यास मुंबई गांठावी लागते.

दाखल्याविषयींही तेंच. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं एका लघुपटासाठीं सुप्रीम कोर्टांत दावा लढविला. १९७० सालच्या निकालानें पूर्वतपासणी वैध ठरली. परंतु स्वतंत्र अपिलाची सोय करण्याचें सरकारनें त्याच खटल्यांत मान्य केलें. पुढें १९८३ सालीं अपील-न्यायमंडळ आलें. तें २०२१ च्या एप्रिलांत रद्द झालें, व आतां अपील थेट हायकोर्टांत चालतें. हायकोर्ट न्याय देत नाहीं असें नव्हे: आनंद पटवर्धन यांच्या 'वॉर अँड पीस' या माहितीपटांत सेन्सॉरनें सुचविलेली काटछांट मुंबई हायकोर्टानें २००३ सालीं अमान्य केली. परंतु वकील, खर्च व विलंब सोसण्याचें बळ प्रत्येकास नसतें.

यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, स्वतंत्र निर्मात्याचा खरा प्रश्न बंदीचा नसून दाद किती जवळ मिळते हा आहे. मोठी कंपनी विलंब सोसते. पेणेंत वा रोह्यांत राहून चित्रपट काढणाऱ्यास विलंब हीच बंदी होय. अब्बास यांच्या खटल्यांतून जी सोय उत्पन्न झाली, ती गेल्यानें झालेली हानि याच मापानें मोजली पाहिजे.