पत्ता बदलला; विनंती पोहोचली का?

भाडेकरूने बिऱ्हाड हलविले की पोस्टमन पाकिटावरचा जुना पत्ता खोडतो, नवा लिहितो आणि पत्र पुढे धाडतो. महाजालावर हे काम निराळ्या रीतीने चालते. तेथे सर्व्हर आलेली विनंती स्वतः पुढे नेत नाही. 'अमुक पान आता तमुक पत्त्यावर आहे' एवढेच तो कळवितो. त्या पत्त्यावर जायचे की नाही, हे विचारणाऱ्याने ठरवायचे. यालाच 'रिडायरेक्ट' अर्थात पुनर्निर्देशन म्हणतात. ब्राउझरसमोर बसलेल्या माणसाला याची चाहूलही लागत नाही, कारण ब्राउझर परस्पर नव्या पत्त्यावर जातो. परंतु रात्री कोणी जागे नसताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट संकेतस्थळावरून माहिती आणत किंवा तेथे भरत असेल, तर हा निर्णय ती लिहिणाऱ्याने आधीच घेऊन ठेवावा लागतो.

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासोबत एक तीन अंकी क्रमांक येतो. पुनर्निर्देशनाचे क्रमांक ३ ने सुरू होतात आणि नवा पत्ता 'लोकेशन' या शीर्षओळीत असतो. ३०१ म्हणजे पान कायमचे हलले. ३०२ म्हणजे तात्पुरते. गोंधळाचे मूळ या दोन क्रमांकांतच आहे. १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हाच काही ब्राउझर पुनर्निर्देशनानंतर 'पोस्ट' विनंतीची, म्हणजे माहिती भरणाऱ्या विनंतीची, 'गेट' विनंती, म्हणजे नुसते पान मागणारी विनंती करतात, अशी तक्रारवजा नोंद त्यात होती. चूक सुधारण्याऐवजी तिचाच प्रघात पडला. मग १९९७ मध्ये ३०३ हा क्रमांक आला ('आता गेटनेच विचारा') आणि १९९९ मध्ये ३०७ ('विनंती जशीच्या तशी पाठवा'). ३०१ ला असाच काटेकोर जोडीदार, ३०८, मिळायला मात्र २०१४ साल उजाडले. २०१५ मध्ये तो प्रमाण ठरला.

हा इतिहास कोरडा वाटेल. पण त्याची किंमत प्रत्यक्ष मोजावी लागते. समजा, एका कार्यालयाची स्क्रिप्ट दररोज रात्री दिवसभराच्या नोंदी एका संकेतस्थळावर भरते. संकेतस्थळ एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर गेले आणि जुन्या पत्त्यावर ३०१ ची पाटी लागली. स्क्रिप्ट पाटी वाचून नव्या पत्त्यावर जाते, पण जाताना पोस्टचे गेट होते आणि नोंदी वाटेतच गळतात. नवा सर्व्हर रिकाम्या हाताने आलेल्या पाहुण्याला २०० क्रमांकाने, म्हणजे 'सर्व ठीक' असे म्हणून, एखादे पान देतो. स्क्रिप्ट यशाची नोंद करून झोपी जाते. चूक कुठेच दिसत नाही आणि नोंदीही कुठेच नसतात. यावर खरा उपाय एकच: स्क्रिप्टमधला पत्ताच बदलावा. ३०१ ही सूचना कायमची असते. तिच्या भरवशावर वर्षानुवर्षे जुना पत्ता चालविणे हा निव्वळ आळस होय.

साधनांच्या सवयीही सारख्या नाहीत. 'कर्ल' सांगितल्याशिवाय पाठलाग करीत नाही. त्यासाठी मोठ्या एलचा पर्याय द्यावा लागतो. पायथनमधील 'रिक्वेस्ट्स' मात्र 'हेड' विनंती वगळता न सांगताच मागे जाते. दोन्ही साधने ३०१ आणि ३०२ नंतर पोस्टचे गेट करतात. पोस्ट कायम ठेवायची असल्यास कर्लमध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे.

याहून नाजूक प्रश्न सोबतच्या ओळखपत्राचा. विनंतीसोबत परवलीचा शब्द किंवा गुप्त किल्ली असेल आणि सर्व्हरने परक्या यजमानाकडे बोट दाखविले, तर किल्लीही तिकडे जायची का? अर्थातच नाही. तरीही अनुभवी साधने येथे चुकली आहेत. स्क्रिप्टने स्वतः घातलेली 'ऑथरायझेशन'ची ओळ कर्ल दुसऱ्या यजमानाकडेही नेत असे. ही चूक जानेवारी २०१८ मध्ये ७.५८.० आवृत्तीत दुरुस्त झाली. त्याच वर्षी रिक्वेस्ट्सच्या २.२०.० आवृत्तीने सुरक्षित पत्त्यावरून असुरक्षित पत्त्याकडे जाताना ही ओळ गाळण्यास सुरुवात केली. त्याआधी २००९ मध्ये कर्लच्या लायब्ररीत आणखी गंभीर त्रुटी आढळली होती. पुनर्निर्देशनाचा पत्ता 'फाइल' या शब्दाने सुरू झाला, तर स्क्रिप्ट आपल्याच यंत्रावरील फाइल वाचू लागे. म्हणून कोणत्या प्रकारच्या आणि कोणत्या यजमानांच्या पत्त्यांवर जायचे, याची यादी स्क्रिप्टमध्येच बांधून घ्यावी.

कधी कधी दोन पत्ते एकमेकांकडे बोट दाखवितात आणि स्क्रिप्ट गोल फिरत राहते. यासाठी साधनांनी मर्यादा घातल्या आहेत: कर्लची ५०, रिक्वेस्ट्सची ३०, 'डब्ल्यूगेट'ची २०. फेऱ्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे कुकी. सर्व्हर कुकी देऊन त्याच पत्त्यावर परत पाठवितो. स्क्रिप्ट कुकी जपत नसेल, तर ती दर खेपेला नवखीच ठरते. कुकी जपली की हा फेरा सुटतो. मर्यादा वाढवून सुटत नाही.

शेवटचा मुक्काम कुठे पडला, हेही पाहायला हवे. प्रवेशाची मुदत संपली की अनेक संकेतस्थळे 'लॉगिन'च्या पानाकडे पाठवितात, तेही २०० क्रमांकाने उघडते आणि अहवालाऐवजी तेच पान जतन होते. रिक्वेस्ट्समध्ये अंतिम पत्ता 'यूआरएल'मध्ये आणि वाटेतले थांबे 'हिस्ट्री'मध्ये मिळतात; कर्लही अंतिम पत्ता छापून देऊ शकते. मात्र पानातील जावास्क्रिप्टने घडविलेले पुनर्निर्देशन या साखळीत दिसतच नाही. त्यासाठी हाती आलेले पान उघडून, त्यात अपेक्षित मजकूर आहे का, हेच तपासावे लागते.