वायुछात्र व्हावे काय? एका जुन्या प्रश्नाचा हिशेब

घरातला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयातून येऊन ‘छात्रसेनेच्या वायुशाखेत नाव देऊ का?’ असे विचारते, तेव्हा घरात बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, शिस्त लागेल, पुढेमागे वायुदलात वर्णी लागेल. दुसरा म्हणतो, दोन-तीन वर्षे कवायतीत जातील आणि अभ्यास मागे पडेल. दोन्ही पक्ष बोलतात ते भविष्याबद्दल, आणि भविष्य तर कोणालाच दिसत नाही. अशा वेळी इतिहासाकडे वळलेले बरे. कारण हाच प्रश्न पूर्वी एका देशात लाखो घरांत विचारला गेला होता आणि त्याचा जमाखर्च आज आपल्यापुढे उघडा आहे.

तो देश म्हणजे इंग्लंड. युद्धाचे ढग जमू लागले असता १९३८ मध्ये शॅमिये नावाच्या निवृत्त वायुदल अधिकाऱ्याने शाळकरी वयाच्या मुलांसाठी एक हवाई छात्रदल उभारले. सरकारने ते काढलेले नव्हते. गावोगावच्या लोकांनीच पैसा उभा करावा, जागा मिळवावी आणि पथक चालवावे, अशी त्याची रीत होती. युद्ध सुरू झाल्यावर हीच मुले विमानतळांवर निरोप पोचवू लागली, वाळूच्या गोण्या भरू लागली, बंदुकांच्या गोळ्यांचे पट्टे ओवू लागली. त्यांचा उपयोग पाहून सरकार जागे झाले आणि ५ फेब्रुवारी १९४१ रोजी ‘एअर ट्रेनिंग कोअर’ ही अधिकृत संघटना स्थापन झाली. पहिल्या महिन्यातच पथकांची संख्या चारशेच्या वर गेली आणि पुढे छात्रांचा आकडा दोन लाखांच्या घरात पोचला.

एवढी मुले का धावली? आकाशाची ओढ होती, हे तर खरेच. १९४० च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या डोक्यावर विमानांची झुंज पाहिली होती. पण त्याखेरीज एक समजूतही होती: छात्र म्हणून तयारी केली की वायुदलात प्रवेश सुकर होईल, कदाचित वैमानिकाची जागाही मिळेल. म्हणून दिवसा शाळा किंवा नोकरी करून ही मुले संध्याकाळी गणित, दिशाशास्त्र आणि तारायंत्राची मोर्स लिपी शिकत. आकृतीवरून विमान ओळखण्याचा सराव करीत.

आता पुढचे ऐका. १९४३ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये दगडी कोळशाची टंचाई झाली. खाणकामगार सैन्यात आणि इतर कारखान्यांत निघून गेले होते. तेव्हा मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी चिठ्ठ्यांची योजना काढली. एक अंक काढायचा. भरतीसाठी नाव नोंदलेल्या ज्या तरुणाच्या नोंदणी-क्रमांकाचा शेवटचा अंक तो असेल, त्याने रणांगणाऐवजी खाणीत उतरायचे. नकार दिला तर तुरुंग. विमानातील कामासाठी ज्यांची निवड आधीच झाली होती, त्यांना सूट होती. केवळ छात्र असणे मात्र सुटीला पुरेसे नव्हते. त्यामुळे ज्याने आकाशाचा ध्यास घेतला, तो भूमीच्या पोटात जाऊन पडला, असे कित्येक छात्रांच्या बाबतीत घडले. चिठ्ठीने गेलेले आणि आपखुशीने गेलेले मिळून अशा तरुणांची संख्या सुमारे ४८ हजार होती. त्यांना ना गणवेश मिळाला, ना पदक. स्मृतिदिनाच्या संचलनात त्यांना अधिकृत स्थान मिळाले ते १९९८ मध्ये, म्हणजे अर्धे शतक उलटल्यावर. इतकेच नव्हे, तर १९४४ मध्ये वैमानिकांची गरज कमी होताच विमानकामासाठी निवडून ठेवलेल्या कित्येकांनाही पायदळाकडे वळविण्यात आले.

मग ही मुले फसली, असे म्हणायचे काय? या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांना हवे ते मिळाले, त्यांचे काय झाले? ब्रिटनच्या बाँबफेकी दलात सुमारे सव्वा लाख माणसे विमानातून लढली आणि त्यांतली ५५,५७३ मृत्यू पावली. म्हणजे शंभरांतली चव्वेचाळीस! खाणीतही अपघात होतेच. परंतु मनासारखी जागा मिळणे हेच भाग्य, असे म्हणताना जीभ अडखळावी, असा हा आकडा आहे.

यावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. छात्रदलाचे मोल त्याने दाखविलेल्या बक्षिसावर ठरवू गेल्यास हिशेब चुकतो. कारण बक्षीस देणारे सरकार स्वतःच काळाच्या हाती असते. आज त्याला वैमानिक हवे असतात, उद्या कोळसा हवा असतो. परंतु जो मुलगा आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्रिकोणमिती शिकला, त्याच्याकडून ती कोणी काढून घेतली नाही. पुढे १९४७ मध्ये या संघटनेनेही आपले धोरण बदलले आणि सैन्यभरतीच्या पूर्वतयारीऐवजी उत्तम नागरिक घडविणे, विमानविद्येची गोडी लावणे यांवर भर दिला.

आपल्याकडे १९४६ च्या कुंझरू समितीच्या अहवालानंतर १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. तिची वायुशाखा १ एप्रिल १९५० रोजी निघाली, तीही मुंबई आणि कलकत्ता येथे एकेक पथक घेऊन. चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. आज वायुशाखेच्या ‘सी’ प्रमाणपत्रधारकाला वायुदलाच्या अधिकारी-निवडीत लेखी परीक्षेतून सवलत मिळते. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु निवडमंडळाची कसोटी आणि डोळ्यांपासून सगळ्या प्रकृतीची तपासणी इतरांप्रमाणेच पार करावी लागते. दार उघडते, आत जागा मिळेलच, असे कोणी लिहून दिलेले नाही.

म्हणून निर्णय करताना मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात. वैमानिक होता आले नाही, तरी या वर्षांचे तुला दुःख होणार नाही ना? तिथे जे शिकवितात, ते दुसऱ्या कामातही तुझ्या उपयोगी पडेल काय? आणि तू स्वतःच्या इच्छेने जातोस, की मित्र जातात म्हणून, वडील म्हणतात म्हणून? या तिहींची उत्तरे समाधानकारक असतील, तर आमच्या मते खुशाल नाव द्यावे. अभ्यासाचे वेळापत्रक सांभाळण्याची शिस्तही त्यातच शिकता येईल. पहिल्याच प्रश्नाला मुलगा अडखळला, तर मात्र थोडे थांबावे. नोकरीच्या हमीपत्राच्या आशेने जो जातो, त्याची निराशा दाराशीच उभी असते. विमानाचे पंख हवेत कसे तरतात, हे समजून घेण्यातच ज्याला आनंद आहे, त्याची कमाई मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते.