ओढ्याची खालची बाजू

प्रवरेच्या कालव्याखालच्या आमच्या गावात ओढ्याला दोन पाणवठे होते. वरचा गावाचा, खालचा महारवाड्याचा. आमच्या स्पर्शाने पाणी बाटू नये म्हणून ही व्यवस्था. पण पाणी वरून खाली वाहते. गावाने धुतलेली गुरे, धुणी, सारी घाण आमच्याच हंड्यात येई. बाटवणारा कोण, हा प्रश्न धर्मशास्त्राने कधी विचारला नाही.

1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. कालव्याखालच्या बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस शिरला. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि ऊस वाढतच गेला. याला आपण विकास म्हणतो. ओढ्याने मात्र त्याची वेगळी नोंद ठेवली आहे.

माझी आजी सांगे, तिच्या तरुणपणी उन्हाळ्यात ओढा आटे, पण वाळूतले झिरे गोड असत. मी शाळेत जाऊ लागलो तोवर कालव्याच्या पाझराने ओढा बारमाही झाला होता. आजी म्हणे, "पानी वाढलं रं, पन त्यात डाळ शिजंना."

तिचे निरीक्षण अचूक होते. काळ्या भारी जमिनीत निचरा कमी. उसाला भरमसाट पाणी दिले की भूजल वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात. जमिनी खारवटतात आणि क्षार ओढ्यात उतरतात. पुढे युरियाच्या गोण्या आल्या. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन जमिनीत मुरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. त्यापुढे तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. त्याला रंग नाही, वास नाही. आज खत थांबवले तरी पाझर वर्षानुवर्षे चालू राहतो. ओढ्यातल्या आजच्या पाण्यात कालची शेती असते.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यापर्यंत पोचण्याचा मानवी हक्क बजावला. 1974 साली जलप्रदूषणाचा कायदा आला. त्याचा रोख मुख्यतः कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यावर. शेताशेतातून झिरपणाऱ्या पाण्याला नळ नसतो, म्हणून त्याला जाब विचारणाराही नसतो.

वरच्या रानात काय पिकवायचे, हे जमीन ज्याची तो ठरवतो. परिणाम खालचा पितो, आणि खालच्या अंगाला कोणाला वसवले गेले हे आपण जाणतो. मित्रहो, पाण्याचा लढा ओंजळीपाशी थांबला तर अर्धाच राहील. तो वरच्या बांधापर्यंत नेला पाहिजे.