मातीचा छोटा पूरनियंत्रण बांध : सुरक्षितता कशी तपासली जाते?

दिल्ली आणि लगतच्या गुरुग्राम, फरिदाबाद, रेवाडी परिसरात अरवलीच्या टेकड्यांवरून येणारे पावसाचे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालण्याची जुनी पद्धत आहे. तुम्ही अशा बांधाच्या खालच्या अंगाला राहत असाल, तर तो सुरक्षित आहे की नाही हे कोण व कसे ठरवते, याची माहिती तुम्हाला असायला हवी. हीच माहिती महाराष्ट्रातील पाझर तलाव व लघु पाटबंधारे तलावांनाही बहुतांशी लागू पडते.

पूरनियंत्रण बांध म्हणजे काय?

सिंचनाचे धरण पाणी साठवून ठेवते. पूरनियंत्रण बांध पुराचे पाणी काही काळ थोपवतो आणि हळूहळू खाली सोडतो. त्यामुळे तो वर्षातील बराच काळ कोरडा असतो.

खरी अडचण इथेच आहे. नेहमी भरणाऱ्या धरणात काही दोष असेल, तर गळती दरवर्षी दिसते. कोरड्या बांधाची परीक्षा मात्र थेट मोठ्या पावसाच्या दिवशी होते. तोवर उन्हाने मातीला भेगा पडतात, घुशी व उंदीर बिळे करतात, वेड्या बाभळीची (दिल्लीकडे हिला विलायती कीकर म्हणतात) मुळे भरावात शिरतात आणि माथ्यावरून वाहनांची वाट पडते.

दिल्ली परिसराचा अनुभव

- साहिबी नदी राजस्थानातून हरियाणामार्गे दिल्लीच्या नैऋत्य सीमेवर येते. तेथे ढांसा बांध आहे. १९७७ च्या पुरात पाणी या बांधावरून वाहिले. पुढे नजफगड नाला ढांसा ते भारतनगर या टप्प्यात सहा ठिकाणी फुटला आणि अनेक गावांना पाण्याचा वेढा पडला. ढांशापासून यमुनेपर्यंत या नाल्याची लांबी सुमारे ५७ किलोमीटर आहे. साहिबीच्या पुराला आवर घालण्यासाठी नंतर रेवाडी जिल्ह्यात मसानी बंधारा उभा राहिला.
- गुरुग्राममध्ये घाटा, झाडसा, चक्करपूर, वजिराबाद हे बांध शेतजमिनीच्या काळातले आहेत. आज त्यांच्या आसपास व खाली वसाहती, रस्ते आणि कार्यालये आहेत. २८ जुलै २०१६ च्या पावसात बादशाहपूर नाला ओसंडून हिरो होंडा चौक पाण्याखाली गेला आणि महामार्गावरील वाहतूक तासन्‌तास ठप्प झाली.

बांध तितकाच राहिला, पण त्याच्या वर व खाली शहर वाढले. वरच्या बाजूला काँक्रीट झाल्याने पाणी मुरत नाही आणि लवकर येते. खालच्या बाजूला जिथे पूर्वी पीक बुडाले असते, तिथे आता माणसे राहतात.

धरण सुरक्षा कायदा छोट्या बांधाला लागू होतो का?

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. तो पुढील धरणांना लागू होतो :

- १५ मीटरपेक्षा जास्त उंचीची सर्व धरणे
- १० ते १५ मीटर उंचीची धरणे, मात्र पुढीलपैकी किमान एक बाब असल्यास : माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा अधिक, साठा १० लाख घनमीटर किंवा अधिक, कमाल पूरविसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर किंवा अधिक, पाया विशेष अवघड, रचना वेगळ्या धाटणीची

उंची मोजताना पायाच्या सर्वांत खोल भागापासून माथ्यापर्यंत मोजतात. नदीकाठचे पूरतट या कायद्यात धरण मानले जात नाहीत.

म्हणजेच १० मीटरपेक्षा कमी उंचीचे बांध या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची जबाबदारी संबंधित मालक विभागावर असते. कायदा लागू नसला, तरी तपासणीची तांत्रिक पद्धत तीच वापरता येते आणि वापरली पाहिजे.

सुरक्षिततेची तपासणी : पाच टप्पे

१. खाली कोण आहे?
बांध फुटल्यास पाणी कुठवर, किती खोल आणि किती वेळात पोहोचेल, हे आधी पाहतात. घरे, शाळा, रस्ते, भुयारी मार्ग, वीज उपकेंद्रे यांची नोंद घेतात. धोक्याचा दर्जा बांधाच्या उंचीवर नव्हे, तर संभाव्य हानीवर ठरतो. वस्ती वाढली की हा दर्जा पुन्हा ठरवावा लागतो.

२. किती पाणी येऊ शकते?
भारतीय मानक ११२२३ नुसार छोट्या धरणाचा (साठा ५ लाख ते १ कोटी घनमीटर, पाण्याची उंची ७.५ ते १२ मीटर) सांडवा साधारणपणे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. खाली दाट वस्ती असल्यास त्याहून मोठा पूर धरता येतो.

‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची १०० वर्षे निर्धास्त राहा, असा नाही. असा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते. ३० वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक इतकी होते.

मातीच्या बांधावरून पाणी वाहणे सर्वांत घातक असते. काँक्रीट ते काही काळ सोसते, माती वाहून जाते. म्हणून सांडवा मोकळा असणे आणि पुराच्या सर्वोच्च पातळीच्या वर माथ्याची पुरेशी उंची शिल्लक असणे आवश्यक आहे.

३. प्रत्यक्ष पाहणी
अभियंते बांध पायी फिरून पाहतात. ही पाहणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, तसेच मोठा पूर किंवा भूकंप झाल्यावर करतात.

- माथा : खचणे, लांब किंवा आडव्या भेगा
- पाण्याकडील उतार : दगडी अस्तर ढासळणे, लाटांनी झीज
- खालचा उतार व पायथा : ओल, पाझर, फुगवटा, घसरण, बिळे, झाडे
- सांडवा व विमोचक : अतिक्रमण, राडारोडा, गाळ, न चालणारी दारे

पाझर दिसला म्हणजे बांध फुटणारच असे नाही. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतेच. झिरपणारे पाणी स्वच्छ व एकसारखे असेल, तर नोंद ठेवून लक्ष ठेवतात. ते गढूळ झाले किंवा अचानक वाढले, तर आतली माती वाहून जात आहे असे समजून तातडीने उपाय करावे लागतात.

४. मातीची परीक्षा
भरावात छिद्रे घेऊन मातीची घनता, पारगम्यता व ताकद तपासतात. त्यावरून उताराची स्थिरता मोजतात. बांध भरलेला असून पाझर स्थिरावलेला असताना खालच्या उताराचा सुरक्षा गुणांक किमान १.५ अपेक्षित असतो. पाणी झपाट्याने उतरते तेव्हा वरच्या उतारासाठी तो किमान १.३ लागतो. पूरनियंत्रण बांधात पाणी लवकर चढते आणि लवकर उतरते, त्यामुळे ही दुसरी तपासणी टाळता येत नाही. दिल्ली परिसरात भूकंपाचा धोका असल्याने ओल्या, सैल वाळूमिश्रित मातीचा वेगळा विचार करतात.

५. आपत्कालीन कृती आराखडा
कोणत्या पातळीला कोणी कोणाला कळवायचे, कोणत्या रस्त्याने लोकांना हलवायचे आणि निवारा कुठे, हे आराखड्यात लिहिलेले असावे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले आणि २० हून अधिक जणांचा बळी गेला. हा लघु पाटबंधारे प्रकल्प होता. गळतीबाबत ग्रामस्थांनी आधी तक्रारी केल्याचे तेव्हा समोर आले. तक्रार नोंदवणे आणि त्यावर वेळेत कृती होणे, या दोन्ही गोष्टी आराखड्याइतक्याच आवश्यक आहेत.

कोणत्या योजनेतून मदत मिळू शकते?

- धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्प (ड्रिप), टप्पा २ व ३ : १९ राज्यांतील ७३६ धरणे, खर्च १०,२११ कोटी रुपये. भर प्रामुख्याने मोठ्या धरणांवर.
- जलस्रोतांची दुरुस्ती, नूतनीकरण व पुनरुज्जीवन योजना : जुन्या तलावांसाठी, प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेअंतर्गत.
- पूर व्यवस्थापन व सीमा क्षेत्र कार्यक्रम : पूरनियंत्रणाच्या कामांसाठी राज्यांना केंद्रीय साहाय्य.

या योजनांसाठी प्रस्ताव राज्याच्या विभागामार्फत जातो. नागरिकाला वैयक्तिक अर्ज करता येत नाही. मात्र ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा लोकप्रतिनिधींमार्फत मागणी लावून धरता येते.

तुम्ही काय करू शकता?

१. बांध कोणत्या विभागाचा आहे ते शोधा. दिल्लीत सिंचन व पूरनियंत्रण विभाग, तर हरियाणात सिंचन व जलसंपदा विभाग येथे चौकशी करा. महाराष्ट्रात १०० हेक्टरपर्यंतच्या योजना साधारणपणे जिल्हा परिषदेकडे आणि ६०० हेक्टरपर्यंतच्या मृद व जलसंधारण विभागाकडे असतात.
२. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागील पाहणी अहवाल, सांडव्याची क्षमता व आपत्कालीन आराखडा मागा. उत्तरासाठी साधारण मुदत ३० दिवसांची असते.
३. भेग, ओल किंवा अतिक्रमण दिसल्यास तारखेसह छायाचित्र काढून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.
४. पावसाळ्यापूर्वी घरातील सर्वांना जवळची उंच जागा व तिथे जाण्याची वाट दाखवून ठेवा.

तातडीची सूचना : गढूळ पाझर, माथ्यावरून वाहणारे पाणी किंवा खचणारा भराव दिसल्यास बांधावर किंवा पायथ्याशी थांबू नका. बाजूच्या उंच जागेवर जा, ११२ वर कळवा आणि खालच्या वस्तीला सावध करा.