डोळ्यांचा अंदाज आणि प्लास्टिकची पिशवी

भूल देताना किंवा बाळंतपणात रुग्णावर लक्ष ठेवायचं म्हटलं की लुकलुकणारी यंत्रं आठवतात. बेळगावचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी घेतली. बाळंतपणं केली ती परिचारिकांनी, घरी किंवा उपकेंद्रात. बाळ जन्मताच बाईखाली खुणा आखलेली पिशवी असलेलं प्लास्टिक सरकवायचं, रक्त त्यात मोजायचं. कारण धडधाकट बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. तो घसरेपर्यंत पुष्कळ रक्त गेलेलं असतं. डोळाही फसवा. बेळगावातच केलेल्या तुलनेत नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्के कमी भरला. गोळीने अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला.

कुणी म्हणेल, गुण गोळीचा, पिशवीचा कसला? खरं आहे, पण मापाशिवाय तो गुण सिद्ध कशाने करणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. युरोपातल्या १३ देशांत नुसती पिशवी वापरून गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही. म्हणजे आकडा दिसताच काय करायचं हे ठरलेलं हवं, आणि औषध हाताशी हवं. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत अशीच पिशवी तातडीच्या उपचारांशी जोडली, तेव्हा गंभीर रक्तस्रावासह एकत्र मोजलेले वाईट परिणाम ६० टक्क्यांनी घटले.