पंचगंगेकाठचे पाहुणे

दिवाळी तोंडावर आली की कोल्हापूर-सांगलीकडील पुष्कळ कुटुंबे कापडाच्या खरेदीसाठी गांधीनगरला जातात. सिंधी व्यापाऱ्यांची ही गजबजलेली पेठ वळिवडे स्टेशनाजवळच आहे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांना येथे तयार बराकी मिळाल्या आणि त्यांतून हे गाव उभे राहिले, एवढे अनेकांना ठाऊक असते. पण त्या बराकी मुळात बांधल्या कोणासाठी, हे फार थोड्यांना सांगता येईल. त्या बांधल्या होत्या पोलंडमधून परागंदा झालेल्या बायकामुलांसाठी. कुठे पोलंड आणि कुठे पंचगंगा! ती माणसे येथवर आली कशी, याची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

१९३९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून स्वारी केली, आणि सतराव्या तारखेस पूर्वेकडून रशियाचे सैन्य आत शिरले. दोन्ही बलाढ्य शेजाऱ्यांनी मिळून तो देश वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातून १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडण्यात आली. गुन्हा काय, तर कोणाचा बाप सैन्यात अधिकारी होता, कोणाची चार एकर जमीन होती. थंडीने, उपासमारीने आणि टायफसने माणसे मरू लागली. आईबाप गेले आणि मुले मागे राहिली.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा कालचा शत्रू दोस्त झाला. लंडनमधील परागंदा पोलिश सरकारशी रशियाने करार केला आणि कैद्यांची सुटका झाली. १९४२ साली जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर लाखावर पोलिश माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांत हजारो मुले होती. किनाऱ्यावर पोचूनही कित्येक जण वाचले नाहीत. पहलवी बंदरात शेकडो थडगी उभी राहिली. वाचलेली मुले पुढे कित्येक महिने रात्री उशाखाली पावाचे तुकडे लपवून झोपत, कारण उद्या मिळेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

या मुलांना घ्यायचे कोणी? जग युद्धात गुंतलेले, बोटींना जागा नाही. अशा वेळी हिंदुस्थान सरकारने प्रथम पाचशे मुलांची सोय करण्याचे मान्य केले, आणि नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी आपल्या संस्थानात, समुद्रकाठी बालाचडी येथे जागा देऊ केली. क्रिकेटपटू रणजितसिंहांचे हे पुतणे. मुलांची पहिली तुकडी अश्काबादहून मालमोटारींनी मशहद आणि झाहेदानच्या वाटेने क्वेट्ट्यास आली, तेथून आगगाडीने मुंबईस. काही काळ वांद्र्यास राहून १९४२ च्या जुलैत ती बालाचडीस पोचली. जामसाहेबांना ती मुले ‘बापू’ म्हणत. आज त्याच जागी सैनिकी शाळा आहे.

वळिवडे येथील छावणी १९४३ साली उभी राहिली आणि ती याहून पुष्कळच मोठी होती. तेथे सुमारे पाच हजार माणसांची वस्ती झाली, बहुतेक बायका आणि मुले. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी दोन वर्षांचेही नसलेले बालराजे होते आणि कारभार राजप्रतिनिधींच्या हाती होता. दगडी जोत्यावर चटयांच्या भिंती आणि वर कौले, असे घरांचे साधे स्वरूप होते. परंतु त्या बराकींत प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती, इस्पितळ होते, चर्च होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती. शिकवणे सारे पोलिश भाषेत. ज्यांची छाती दुबळी झाली होती त्यांच्यासाठी पाचगणीच्या हवेत सोय केलेली होती.

या हकिगतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही शाळा. भुकेल्या मुलाला जेवू घातले की आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला सहज वाटते. पण ज्या मुलाने दोन वर्षे फक्त भाकरीचाच विचार केला आहे, त्याला पुन्हा मूल करायचे, तर सकाळी ठरल्या वेळी वाजणारी घंटा हवी, गृहपाठ हवा, आपल्या भाषेतले गाणे हवे. वळिवड्याच्या चटयांच्या भिंतींआड त्या मुलांना हे सारे पाच वर्षे मिळाले.

कोणी विचारील, याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, कलकत्त्याच्या रस्त्यांवर आपलीच मुले तडफडत होती, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. वळिवड्याचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार सोशीत होते. बंगालच्या मुलांसाठी भांडणारे त्यांचे स्वतःचे सरकार नव्हते. एका मुलाला मिळालेला घास दुसऱ्याच्या तोंडचा नव्हता. पण मुलाच्या पाठीशी कोण उभे आहे, यावर त्याचे जगणे ठरते, हे मात्र त्या वर्षाने फार कठोरपणे दाखविले.

पोलिश मुलांनाही तो अनुभव आलाच. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध संपले होते, पण ज्या गावांतून ही मुले आली होती त्यांपैकी बहुतेक गावे आता रशियाच्या हद्दीत गेली होती. परत जायचे तरी कोठे? १९४६ मध्ये बालाचडी बंद होऊन तेथील मुले वळिवड्यास आली आणि १९४८ मध्ये वळिवडेही रिकामे झाले. कोणी इंग्लंडला गेले, कोणी पूर्व आफ्रिकेस, कोणी पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेस. काही कोल्हापूरच्या मातीतच राहिली. तेथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगी आहेत.

दूरदेशी गेलेली मुले मात्र हे ठिकाण विसरली नाहीत. त्यांनी लंडनमध्ये आपला संघ काढला आणि म्हातारपणी काठी टेकीत ती कोल्हापूरला येऊन गेली. २०१९ साली वळिवड्यास स्मृतिस्तंभ उभारला गेला. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, जामसाहेबांच्या नावाने एक चौक आहे आणि कोल्हापूरचेही स्मारक आहे.

१९४६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी युद्धग्रस्त मुलांसाठी ‘युनिसेफ’ ही संस्था काढली. तिचे पहिले अध्यक्ष डॉ. लुडविक रायखमन हे पोलिशच होते. आज सुदान, गाझा, युक्रेन येथील मुलांच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा तंबूंतल्या शाळांचाही उल्लेख त्यांत असतो. युद्ध चालू असता शाळा कसली काढता, असे कोणाच्या मनात आले, तर त्याला वळिवड्याची गोष्ट सांगावी.